'ठोके दिसत नाहीत' म्हणजे नेमके काय?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये वर मापे असतात आणि तळाशी दोन ओळींचा निष्कर्ष. मापे कुणी वाचत नाही, निष्कर्ष मात्र घरातले सगळे वाचतात. सुरुवातीच्या गरोदरपणात तो बरेचदा असा असतो : 'गर्भाशयात सॅक दिसते. गर्भ व ठोके दिसत नाहीत. दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करावी.' डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितलेले असते. पण परभणीहून पाथरीच्या किंवा पालमच्या एस.टी.त बसेपर्यंत त्या वाक्याचा अर्थ बदलू लागतो. 'दिसत नाही'चे 'नाही' होते आणि गाव येईपर्यंत 'बाळ वाढतच नाही म्हणे' असे ऐकू येते. संध्याकाळी नात्यातले कुणी सुचवते, नांदेडला नेऊन दाखवा. दुसरे कुणी म्हणते, थांबायचे कशाला, पिशवी साफ करून घ्या.

दहा दिवस का थांबायचे आणि त्या दहा दिवसांत काय होणार, हे मात्र त्या बाईला कुणी नीट सांगितलेले नसते. ते कळण्यासाठी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. एक रक्तातली, एक सोनोग्राफीच्या पडद्यावरची.

रक्तातली गोष्ट म्हणजे एचसीजी हे संप्रेरक. फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजले, की त्याच्या बाहेरच्या पेशी (ज्यांची पुढे वार तयार होते) हे संप्रेरक आईच्या रक्तात सोडू लागतात. त्याचे काम बीजकोशाला निरोप देण्याचे : प्रोजेस्टेरॉन बनवत राहा, अस्तर गळू देऊ नका. हेच संप्रेरक लघवीत उतरते आणि आशाताईंकडच्या 'निश्चय' किटवर दुसरी रेघ उमटते. पूर्वी हे इतके सोपे नव्हते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या डॉक्टरांनी जी चाचणी शोधली, तिच्यात बाईची लघवी उंदराच्या पिलांना टोचून काही दिवसांनी त्यांचे बीजकोश तपासावे लागत. पुढे आफ्रिकी बेडूक आला, तो एका रात्रीत अंडी घालून निकाल देई. रक्तातले हे संप्रेरक अचूक मोजण्याची पद्धत १९७२ साली अमेरिकेत ज्युडिथ वायटुकायटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. एचसीजीचा अर्धा भाग शरीरातल्या इतर काही संप्रेरकांसारखाच असतो, म्हणून त्यांनी वेगळा असलेला 'बीटा' भाग मोजला. लॅबच्या पावतीवर 'बीटा एचसीजी' लिहिलेले असते ते यामुळे.

आता आकडा. गोंधळ इथूनच सुरू होतो. लॅबच्या रिपोर्टमागे बरेचदा आठवड्यानुसार तक्ता छापलेला असतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका तक्त्यात पाचव्या आठवड्यासाठी १८ ते ७,३४० असे लिहिलेले असते. म्हणजे एकीचे १५० आणि दुसरीचे ६,०००, तरी दोघींचे गरोदरपण ठणठणीत असू शकते. इतक्या रुंद पट्ट्यात एकच आकडा ठेवून पाहिल्यावर कळणार काय? शेजारणीच्या रिपोर्टशी आपला रिपोर्ट लावून पाहण्यात तर काहीच अर्थ नाही.

अर्थ असतो तो दोन आकड्यांमधल्या फरकाला. म्हणून ही तपासणी ४८ तासांच्या अंतराने दोनदा करतात. आणि दोनदा करायची तर एकाच लॅबमध्ये, कारण वेगवेगळ्या यंत्रांवर आणि वेगवेगळ्या किटवर एकाच रक्ताचे आकडे थोडे वेगळे येतात. सोमवारी सेलूला आणि बुधवारी परभणीत रक्त दिले, तर फरक गर्भामुळे आला की लॅबमुळे, हे सांगता येत नाही.

'दोन दिवसांत दुप्पट व्हायलाच पाहिजे' हे वाक्य आपल्याकडे फार पक्के बसले आहे. त्याचा उगम जुना आहे. १९८१ सालच्या एका अभ्यासातून ४८ तासांत किमान ६६ टक्के वाढ हवी असा नियम निघाला आणि पाठ्यपुस्तकांत गेला. तो अभ्यास जेमतेम वीसेक स्त्रियांवरचा होता. पुढे मोठ्या संख्येने स्त्रियांचे आकडे तपासल्यावर दिसले, की नीट वाढणाऱ्या गर्भातही एचसीजी याहून सावकाश वाढू शकते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दिलेले निकष असे : पहिला आकडा १,५००च्या खाली असेल तर ४८ तासांत किमान ४९ टक्के वाढ अपेक्षित, १,५०० ते ३,०००च्या दरम्यान असेल तर ४० टक्के, आणि ३,०००च्या वर असेल तर ३३ टक्के.

उदाहरण घेऊ. एखादीचा पहिला आकडा ६२० आला आणि दोन दिवसांनी ९६०. दुप्पट झाला नाही, घरात सुतकी कळा. जुन्या नियमाने तो १,०२९च्या पुढे जायला हवा होता, म्हणजे ही बाई 'नापास'. नव्या निकषाने ९२४ पुरेसे होते, म्हणजे तिचे ठीक चालले असण्याची शक्यता आहे. दुसरीचा आकडा ४,२०० वरून ५,७००. वाढ ३६ टक्के, तीही मर्यादेत. एचसीजी जसजसे वर जाते तसतशी त्याची चाल मंदावत जाते. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास ते शिखर गाठते आणि नंतर आपोआप उतरू लागते. त्या वेळी आकडा कमी झालेला पाहून घाबरणारी कुटुंबेही असतात. खरे तर सोनोग्राफीत ठोके दिसल्यानंतर गर्भ ठीक आहे का हे पाहायला बीटा एचसीजी करत राहण्यात हशील नाही, पैसे तेवढे जातात.

वाढ या किमान रेषेच्याही खाली असेल, किंवा आकडा उतरत असेल, तर मात्र काहीतरी बिघडले आहे. काय बिघडले, हे रक्त सांगत नाही. गर्भ गर्भाशयातच असून वाढ थांबली आहे, की तो नळीत अडकला आहे, हे ठरवायला सोनोग्राफी लागते.

सोनोग्राफीच्या पडद्यावर गोष्टी ठरलेल्या क्रमाने दिसतात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे 'सहावा आठवडा' म्हणजे गर्भाचे खरे वय साधारण चार आठवडे. पाच आठवड्यांच्या आसपास सॅक दिसते, म्हणजे गर्भाभोवतीची पाण्याची इवलीशी पिशवी. साडेपाचला तिच्यात योक सॅक, म्हणजे गर्भाचे सुरुवातीचे पोषण करणारा बारीक गोल. सहाच्या सुमारास त्या गोलाला टेकलेला दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका आणि त्यात लुकलुकणारे ठोके. हा हिशेब योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीचा झाला. पोटावरून केली तर हेच सारे सुमारे आठवडाभर उशिरा दिसते.

'आतून' सोनोग्राफीला आपल्याकडे अनेक घरांतून नकार येतो. बाळाला धक्का लागेल, गर्भ खाली सरकेल, ही भीती. सोनोग्राफीची नळी योनीमार्गातच राहते, गर्भाशयाच्या तोंडाच्या आत जात नाही आणि तिने गर्भपात होत नाही. उलट पोटावरून करताना लघवी तुंबवून तासभर बसावे लागते, ते इथे टळते. संकोच वाटत असेल तर सोबत बाई माणूस आत थांबवावे, तो तिचा हक्कच आहे. पण पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत सहाव्या आठवड्यात काही दिसले नाही म्हणून निकाल लावून मोकळे होणे योग्य नाही. जाता जाता आणखी एक : 'ठोके ऐकवा ना डॉक्टर' हा हट्ट इतक्या लवकर करू नये. ठोके ऐकवायला डॉप्लर लागते आणि त्याची ऊर्जा साध्या सोनोग्राफीपेक्षा जास्त असते, त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत ते टाळण्याचा सल्ला दिला जातो. पडद्यावरच्या आलेखावरून ठोके मोजता येतात, तेवढे पुरते.

आता तो कठीण प्रश्न. सॅक दिसते, ठोके दिसत नाहीत. गर्भ अजून लहान आहे म्हणून, की वाढ थांबली म्हणून? कोणत्या मापाला 'आता नक्की' म्हणायचे?

याचे उत्तर गेल्या पंधरा वर्षांत बदलले आहे, आणि ते बदलण्याचे कारण अंगावर काटा आणणारे आहे. पूर्वी अनेक ठिकाणी सॅकचे सरासरी माप १६ किंवा २० मिलिमीटर झाले आणि आत गर्भ नाही, किंवा गर्भ ५ मिलिमीटरचा झाला आणि ठोके नाहीत, की गर्भपाताचे निदान करत. २०११ साली लंडनमधल्या संशोधकांनी हजारावर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. १६ मिलिमीटरची रेषा धरली तर चांगल्या गर्भांपैकी शंभरात चारांहून अधिक चुकून 'संपलेले' ठरत होते. २० मिलिमीटरलाही हजारात पाच. शिवाय माप घेणाऱ्या हातांचा फरक वेगळाच. एकाच सॅकचे माप एका तज्ज्ञाने २० मिलिमीटर घेतले, तर दुसऱ्याचे १७ ते २४ च्या दरम्यान कुठेही येऊ शकते. पाच-सहा मिलिमीटरच्या गर्भाच्या बाबतीत एका मिलिमीटरने केवढा फरक पडतो, हे सांगायला नको. आणि इथे चूक म्हणजे हव्या असलेल्या, वाढत्या गर्भाची पिशवी साफ करणे. झाल्यावर ती कुणाला कळतही नाही, कारण तपासायला मागे काही उरत नाही.

त्याच वर्षी ब्रिटनने आपल्या रेषा वर नेल्या. २०१३ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जवळपास तेच निकष मांडले आणि आज जगभर तेच मानले जातात. गर्भ ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा आहे आणि ठोके नाहीत, किंवा सॅकचे सरासरी माप २५ मिलिमीटर किंवा जास्त आहे आणि आत गर्भ नाही, तरच एका सोनोग्राफीत निदान पक्के. त्याखाली असेल तर थांबायचे. पहिल्या वेळी नुसती सॅक होती, योक सॅक नव्हती, तर दोन आठवड्यांनी. योक सॅक होती, तर अकरा दिवसांनी पाहायचे. तेव्हाही ठोक्यांसह गर्भ दिसला नाही, तर ते गरोदरपण संपले. गर्भ आणि सॅक दोन्ही या दिवसांत रोज साधारण एक मिलिमीटरने वाढतात. म्हणून दोन दिवसांनी दुसऱ्या गावच्या केंद्रात जाऊन पुन्हा पाहिले, तर पडद्यावर जवळपास तेच दिसते, पैसे जातात आणि दोन रिपोर्टांतल्या अर्ध्या मिलिमीटरवरून घरात वाद होतात.

आपल्या भागात यात आणखी एक घोळ मिसळतो, तो तारखांचा. शेवटची पाळी कधी आली, याचे उत्तर 'पोळ्याच्या आधी' किंवा 'लग्नसराईत' असे मिळाले, तर आठवडे मोजायचे कशावरून? ज्यांची पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, त्यांच्यात बीज उशिरा सुटते. अंगावर दूध पीत असलेले मूल असताना, पाळी परत सुरू होण्याआधीच दिवस गेलेल्या बायकाही असतात. काहींना गर्भ रुजताना थोडासा डाग लागतो, त्यालाच पाळी समजले जाते. अशा वेळी कागदावर आठ आठवडे आणि पडद्यावर साडेपाच दिसतात. हा फरक वाढ खुंटल्याचा असेल किंवा तारीख चुकल्याचा. कोणता, हे पुन्हा दहा-पंधरा दिवसांनीच कळते. कॅलेंडरवर पाळीच्या दिवशी पेनाने केलेली खूण महागड्या तपासणीइतकी कामाची ठरते, ती अशी.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना'त गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, पण ती योजना चौथ्या महिन्यापासून पुढच्यांसाठी आखलेली आहे. हे पहिले अडीच-तीन महिने त्या बाईने स्वतःच्या हिमतीवर आणि खिशातून काढायचे असतात. सोनोग्राफीचे यंत्र गावात नेता येत नाही, ते नोंदणी झालेल्या केंद्रातच वापरावे लागते. त्यामागे गर्भलिंगनिदानाचा काळा इतिहास आहे. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला, १९९४ साली केंद्राचा आला. त्यामुळे सहाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीलाही 'फॉर्म एफ' भरावा लागतो, मुले किती हे विचारले जाते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. या आठवड्यांत सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही.

गंगाखेड, पालम, जिंतूर भागांतली ऊसतोडणीची कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात. 'दहा दिवसांनी या' म्हटलेली बाई दहाव्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात एखाद्या फडात असते. तिने निघतानाच डॉक्टरांना तसे सांगावे आणि पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट व फिल्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावी. तिथल्या डॉक्टरांना मागचे माप मिळाले, तर निदान पुन्हा शून्यापासून सुरू करावे लागत नाही.

थांबण्याचा हा सल्ला एका गोष्टीला लागू नाही. शंभरात एक ते दोन गरोदरपणांत गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुतेक वेळा गर्भनलिकेत रुजतो. तिथे तो वाढू शकत नाही, नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. टेस्ट पॉझिटिव्ह आहे आणि ओटीपोटात एका बाजूला दुखते, खांद्याच्या टोकाला विचित्र कळ येते, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, तर सकाळची वाट पाहायची नाही. अंगावरून थोडेसेच जाते म्हणून निर्धास्त राहू नये, रक्त आत साचत असते. आपल्याकडे चक्कर आली की 'अशक्तपणा असेल' म्हणून लिंबूपाणी देतात, त्यात मोलाचे तास जातात. १०८ला फोन करून थेट जिल्हा रुग्णालयात किंवा जिथे शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय आहे तिथे जावे. अशा पाचपैकी साधारण एका गरोदरपणात एचसीजी अगदी व्यवस्थित वाढत असते, म्हणून 'आकडा चांगला वाढला' यावर विसंबून दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये. औषधाच्या दुकानातून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या घेणे धोक्याचे, तेही यासाठीच. नळीतल्या गर्भावर त्या चालत नाहीत, आणि रक्तस्राव झाला की बाई समजते काम झाले.

याची उलट बाजूही आहे. गर्भाशय रिकामे दिसते आणि एचसीजी दोन-अडीच हजार आहे, एवढ्यावरून बाई स्थिर असताना नळीतला गर्भ ठरवून मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देण्याची घाई करू नये, असे नवे निकष सांगतात. जुळी असतील तर सॅक दिसण्याआधीच आकडा बराच वर गेलेला असतो.

डाग लागला, की 'गर्भ टिकण्याचे' इंजेक्शन किंवा गोळ्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉन, हे तर आपल्याकडे ठरूनच गेले आहे. ब्रिटनमध्ये ४,१५३ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. सुरुवातीला रक्तस्राव झालेल्यांपैकी प्रोजेस्टेरॉन मिळालेल्या ७५ टक्के आणि नुसती नकली गोळी मिळालेल्या ७२ टक्के स्त्रियांना मूल झाले. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, इतका लहान. ज्यांचे आधी तीन किंवा अधिक गर्भपात झाले होते, त्यांच्यात मात्र ७२ विरुद्ध ५७ असा ठसठशीत फरक दिसला. म्हणजे औषध वाईट नाही, पण ते सरसकट सगळ्यांच्या कामाचे नाही. वाढ थांबलेला गर्भ ते पुन्हा वाढवू शकत नाही. सक्तीने अंथरुणाला खिळवून ठेवल्याने गर्भपात टळतो, यालाही पुरावा नाही.

कारण बहुतेक वेळा दोष त्या गर्भातच असतो. कळलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते वीस गर्भपातात संपतात आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा बिघाड असतो, बीज फळते त्याच वेळी झालेला. पपई, मोटारसायकलचे धक्के, हंडा उचलणे, सासरी न सांगता माहेरी जाऊन येणे, यांतले काहीही गुणसूत्र बदलत नाही. तरी घरात उलटतपासणी सुनेचीच होते.

दुसऱ्या सोनोग्राफीत निदान पक्के झाले, तरी त्याच दिवशी क्युरेटिंग करायलाच हवे असे नाही. रक्तस्राव जास्त नसेल, ताप नसेल, तर आपोआप पडण्याची काही दिवस वाट पाहता येते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घेता येतात किंवा पिशवी रिकामी करता येते. शेवटचा मार्ग घ्यायचा, तर जागतिक आरोग्य संघटना खरवडण्याऐवजी हवेच्या दाबाने ओढून घेण्याची पद्धत सुचवते. ती अधिक सुरक्षित आहे आणि ती उपलब्ध आहे का, हे विचारायला हरकत नसावी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तोही याच वेळी डॉक्टरांच्या कानावर घालावा.

त्यानंतर एचसीजी लगेच शून्यावर येत नाही. ते ओसरायला काही आठवडे लागतात, त्यामुळे गर्भपातानंतर दोन आठवड्यांनी घरी टेस्ट केली तर दुसरी रेघ फिकट का होईना उमटू शकते. ती नव्या गर्भाची नसते. तीन आठवडे उलटल्यावर मात्र ही टेस्ट मुद्दाम करून पाहावी. तेव्हाही रेघ आली तर गर्भाशयात काही राहून गेले आहे का, किंवा क्वचित तो द्राक्षगर्भ होता का, हे पाहायला पुन्हा एकदा रक्त द्यावे लागते, आणि तेही शक्यतो त्याच लॅबमध्ये.